उडणारं ताट, थांबणारा माग

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं, त्यातही कधी रात्री बाराला, कधी पहाटे चारला. आलं की गल्लीभर मोटारी सुरू होतात, घागरी, ड्रम, पिंपं बाहेर निघतात आणि घरातलं एक माणूस झोपेवर पाणी सोडतं. अशा गावातल्या पोरांना डिस्नेच्या १९४० सालच्या ‘फँटेशिया’तला मिकी माउसचा भाग दाखवून बघा. जादूगाराकडे उमेदवारी करणारा मिकी पाणी भरून कंटाळलेला असतो. गुरूची टोपी डोक्यावर चढवून तो झाडूवर मंत्र टाकतो, झाडूला हात फुटतात आणि झाडू बादल्या घेऊन पाणी भरू लागतो. पुढे तो थांबायचं नावच घेत नाही, सगळं घर पाण्याखाली जातं. जगभरची मुलं इथे घाबरतात. आमच्याकडची विचारतात, “त्याला थांबवायचं कशाला? टाक्या भरून घ्यायच्या की!”

प्रश्न बरोबरच आहे. टाकी भरेपर्यंत झाडूचं काही चुकत नाही, सगळा घोळ टाकी भरल्यानंतर होतो.

ही गोष्ट मुळात डिस्नेची नाही. दुसऱ्या शतकात ल्युशियन नावाच्या लेखकानं ती ग्रीक भाषेत लिहिली. त्याच्याकडे पाणी भरायला निघतं ते चक्क मुसळ. जर्मन कवी गटेनं १७९७ साली त्यावर कविता केली, पॉल द्यूका या फ्रेंच संगीतकारानं १८९७ साली त्या कवितेला संगीताचा साज चढवला आणि त्या संगीतावर मिकी नाचला. इतक्या शतकांत मुसळाचा झाडू झाला, उमेदवाराचा उंदीर झाला, पण कथेचा कणा तोच राहिला. कामाला लावायचा मंत्र पाठ आहे, थांबवायचा नाही. कुऱ्हाडीनं तोडावं तर एकाचे दोन पाणके होतात. मिकीच्या बाबतीत तर प्रत्येक ढलपीतून नवा झाडू उभा राहतो.

घरातली कामं जादूनं होतात असे चित्रपट मला मनापासून आवडतात आणि ते बघताना विज्ञानाचा विचार करायची खोडही आहे. त्यातून माझं एक मत पक्कं होत गेलंय. ताट उडालं की आपण टाळ्या वाजवतो, पण उडणं हा त्यातला अगदी स्वस्त भाग आहे. खरी जादू असते ती त्या ताटाला आपण स्वच्छ झालो हे कळण्यात. ते आपल्या लक्षातच येत नाही, म्हणजे मुसळ केरात.

आधी झाडूचंच बघू. आपल्या गच्चीवरच्या टाकीत फ्लोट असतो. पाणी वर चढलं की पोकळ गोळा वर येतो, त्याची दांडी झडप बंद करते आणि पाणी थांबतं. या गोळ्याला अक्कल नाही, पण टाकी भरली ही बातमी तो झडपेपर्यंत पोचवतो. कामाचा परिणाम पुन्हा कामाकडे वळवायचा आणि त्यावरून काम वाढवायचं की थांबवायचं ते ठरवायचं, याला प्रत्याभरण म्हणतात. मिकीच्या झाडूकडे ताकद आहे, चिकाटी आहे, बादल्या आहेत. नाही तो फक्त फ्लोट. नियंत्रणशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९६० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात स्वयंचलित यंत्रांच्या धोक्यांवर लेख लिहिला, तेव्हा त्यांनी उदाहरण घेतलं ते गटेच्या याच उमेदवाराचं. यंत्राला काय सांगितलं आणि आपल्याला खरं काय हवं होतं, यात फट राहिली की यंत्र सांगितलेलंच करत बसतं, हा त्यांचा मुद्दा आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेतही जसाच्या तसा लागू पडतो.

यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात नाहीतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एखाद्या कारखान्यात जरा वेळ उभे राहा. कान बधिर होतात, पण बघण्यासारखं खूप असतं. ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून धोटा इकडून तिकडे झेपावतो आणि बाण्याचा आडवा धागा मागे सोडत जातो. मध्येच धोट्यातली धाग्याची कांडी संपते किंवा धागा तुटतो. मंतरलेल्या झाडूच्या जातीचा माग असता तर तो बाण्याविनाच खटखटत राहिला असता आणि कापडात भोक पडलं असतं. प्रत्यक्षात माग गप्प उभा राहतो. ही करामत एका छोट्या काट्याची. आडवा धागा नीट पडला तर तो या काट्याला रेटतो आणि माग चालू राहतो. धागाच नसेल तर काटा रेटला जात नाही, मागच्या हलत्या दांड्यात अडकतो आणि त्या ओढीनं माग बंद पडतो. यात वीज नाही, संगणक नाही. धाग्याचं असणं-नसणं तेवढं यंत्राला कळतं.

जपानच्या साकिची टोयोडा यांनी हीच कल्पना पुढे नेली. १९२४ साली त्यांच्या कारखान्यानं बाजारात आणलेला माग चालता चालताच धोटा बदलायचा आणि धागा तुटला की आपणहून थांबायचा. १९२९ साली त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीला एक लाख पौंडांना विकण्याचा करार झाला. टोयोटाच्या मोटारींच्या उद्योगाची उभारणी ज्या पैशांवर सुरू झाली त्यात हे पैसेही होते. थांबता येणाऱ्या यंत्राला बाजारात किती किंमत आहे, याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

आता ताकदीचा हिशेब. १५ लिटरची बादली एक मजला, म्हणजे ३ मीटर, वर चढवायला किती ऊर्जा लागते? वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. उत्तर येतं सुमारे ४४० ज्यूल. विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे काहीही वाया न घालवता उचललं तर एका युनिटात आठ हजारांहून जास्त बादल्या वर जातात. खऱ्या मोटारीत बरीच ऊर्जा वाया जाते, तरी हिशेब हजारांतच राहतो. आता तीच बादली उचलू नका, आंघोळीसाठी फक्त २० अंशांनी तापवा. लागतात साडेबारा लाख ज्यूल, म्हणजे एका युनिटाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. उचलण्याच्या जवळजवळ २,८०० पट! जादूगाराच्या काठीत बॅटरी असती तर हवेत बादल्या नाचवून ती उतरली नसती, पाणी गरम करून उतरली असती. चित्रपटात मात्र बादली उडते तेव्हा दृश्य मोठं असतं आणि पाणी तापतं ते कुणी बघतही नाही. (मे महिन्यात सोलापुरात हे काम जादूविना होतं. दुपारी दोनला टाकीच्या नळाखाली हात धरून बघा.)

सोलापुरात तेलुगू बोलणारी पद्मशाली मंडळी मोठ्या संख्येनं आहेत आणि त्यांच्या घरांत १९५७ सालच्या ‘मायाबाजार’ची ओळख करून द्यावी लागत नाही. के. व्ही. रेड्डी यांच्या या चित्रपटात एस. व्ही. रंगाराव यांचा घटोत्कच लग्नाच्या जेवणावर एकटाच ताव मारतो आणि लाडू आपापले उडून त्याच्या तोंडात जातात. आमच्या ओळखीच्या एक अक्का आहेत, त्यांना हे दृश्य नातवंडांना दाखवताना त्यांच्याहून जास्त हसू येतं. याचाही हिशेब करू. शंभर ग्रॅमचा लाडू अर्धा मीटर उचलायला अर्धा ज्यूल लागतो. त्याच लाडवात तुपा-साखरेची मिळून साधारण १८ लाख ज्यूल ऊर्जा असते. घटोत्कचाचे हात वाचले, पण ऊर्जेच्या दृष्टीनं त्या वाचण्याला काही अर्थ नाही. एका लाडवाच्या जोरावर त्याला सबंध लग्नघर वाढता आलं असतं.

मग उडवणं इतकं स्वस्त असेल तर आपल्या स्वयंपाकघरात परात का उडत नाही? कारण उचलणं आणि हवेत तरंगत ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फळीवर ठेवलेल्या परातीला फळी फुकट पेलते. फळी काढून घेतली की परातीला हवा खाली फेकत राहावं लागतं, ड्रोन फेकतो तशी. ४० सेंटीमीटर व्यासाची परात आणि तिच्यात ज्वारीचं पीठ, मिळून दीड किलो वजन धरू. परातीएवढ्याच पात्यांच्या घेरातून ते पेलायचं तर हवा तिथे ताशी २५ किलोमीटर वेगानं जायला हवी आणि थोडं खाली गेल्यावर तिचा वेग दुप्पट होतो. शक्ती लागेल किमान १०० वॉट, छताच्या पंख्यापेक्षा थोडी जास्त. म्हणजे परवडण्यासारखं आहे. फक्त ओट्यावरचं उरलेलं पीठ, पापड, कोथिंबीर आणि गॅसची ज्योत यांचं काय होईल ते बघायला कुणी थांबू नये. चुंबकानं तरंगवावी म्हटलं, तर नुसती स्थिर चुंबकं मांडून चुंबकाला हवेत स्थिर ठेवता येत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ सालीच गणितानं दाखवलंय. तिथेही परात कलली की लगेच ओळखून सावरणारं काहीतरी लागतं. फिरून गाडी कळण्यावरच येते.

भांडी घासण्याच्या दृश्यांत हे फार छान दिसतं. हॅरी पॉटर मालिकेतल्या २००२ सालच्या दुसऱ्या चित्रपटात वीझली कुटुंबाच्या घरी तवा आपला आपण घासला जात असतो आणि विणकामाच्या सुया कुणी न धरता विणत असतात. ही जादू संगणकावर चितारलेली नव्हती. कारागिरांनी त्यासाठी खरी यंत्रणा बनवली होती आणि लंडनजवळच्या लीव्हस्डेन स्टुडिओत ती आजही प्रेक्षकांना चालवून बघता येते. घासणी गोल गोल फिरते. ती उद्याही तशीच फिरेल, तवा काळा असो की लख्ख. तवा निघाला का, हे तिला विचारायची सोय नाही आणि पडद्यावर आपणही विचारत नाही.

पण ‘निघाला’ म्हणजे काय? खरकट्याचं तेल पाण्याला जुमानत नाही. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून असतं, दुसरं तेलाला. असे असंख्य रेणू तेलाच्या थेंबाला वेढतात आणि त्याला ताटावरून सोडवून पाण्यात घेऊन जातात. जुन्या घरांत राखेनं भांडी घासायचे तेव्हाही थोडंफार हेच व्हायचं. राखेतला क्षार तेलाशी मिळून किंचित साबण तयार करायचा आणि बारीक कण घासण्याचं काम करायचे. शेवटी आजी ताटावरून बोट फिरवायची. बोट सरकलं की तेल आहे, कर्र वाजलं की ताट निघालं. तो आवाज म्हणजे बोटाचं क्षणाक्षणाला अडकणं आणि सुटणं. मधला तेलाचा थर गेला की घर्षण वाढतं आणि तो उमटतो. आजचा चांगल्यातला डिशवॉशर काय करतो? पाण्यातून प्रकाश सोडून ते किती गढूळ आहे ते मोजतो. म्हणजे पाणी स्वच्छ झालं इतकं त्याला कळतं आणि त्यावरून ताटही झालं असेल असं तो धरून चालतो. कढईच्या कानाखाली चिकटलेली मोहरी त्याच्या हिशेबात नसते.

याच खरकट्या पाण्यातून खरं विज्ञान निघालं, ती गोष्ट कुठल्याही जादूपटाहून मला मोठी वाटते. ॲग्नेस पॉकेल्स ही जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची मुलगी, जन्म १८६२ सालचा. तेव्हा तिथे मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. घर सांभाळायचं, आजारी आईवडिलांचं बघायचं, भांडी घासायची. घासताना तिच्या लक्षात आलं की तेलाच्या किंवा साबणाच्या अंशानंही पाण्याच्या पृष्ठभागाचं वागणं बदलतं. इतरांना दिसून न दिसलेली ही गोष्ट तिनं मोजायला घेतली. पत्र्याची एक लांबट पाण्याची पेटी, पृष्ठभागाचे दोन भाग करणारी सरकती पट्टी आणि तराजूला टांगलेलं एक बटण. ते बटण पाण्यावरून उचलून घ्यायला किती जोर लागतो त्यावरून ती पृष्ठताण काढायची. १८९१ साली तिनं आपले निष्कर्ष इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना पत्रानं कळवले. त्यांनी शिफारस करून ते पत्र ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाकडे पाठवलं आणि ते छापून आलं. तिच्या पेटीची सुधारित आवृत्ती पुढे अर्विंग लँगम्यूर यांनी वापरली. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी त्यांना १९३२ सालचं नोबेल मिळालं. एका रेणूइतक्या जाडीचे थर तयार करायला प्रयोगशाळांत आजही त्याच घराण्यातली पेटी वापरतात.

भांड्यांवरून कपड्यांवर येऊ, कारण तिथे सोलापूरला थेट बोलायचा हक्क आहे. इथली चादर आणि इथला टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. चादरीवरची नक्षी जॅकार्डवर होते. फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ साली आणलेल्या या यंत्रणेत भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते आणि भोक आहे की नाही त्यावर कुठला उभा धागा उचलायचा ते ठरतं. टॉवेलचे लूपही यंत्रच काढतं. बाण्याचे दोन धागे जरा अलीकडे सैल सोडायचे आणि तिसऱ्याबरोबर तिन्ही एकदम पुढे ठोकायचे, की सैल ताण्याचे लूप उभे राहतात. म्हणजे मोर, कमळ, वेलबुट्टी विणायचं गुंतागुंतीचं काम यंत्राला दोनशे वर्षांपासून येतं. विणून झालेल्या टॉवेलची घडी मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी माणसं घालतात, गप्पा मारत, न बघता.

जादूच्या चित्रपटात कपडे स्वतःची घडी घालून कपाटात जातात तेव्हा तो भाग सगळ्यात साधा वाटतो. रोबोट बनवणाऱ्यांना विचारा. २०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी दोन हातांच्या एका रोबोटला टॉवेलची घडी घालायला शिकवलं. ढिगातून आधी न पाहिलेला टॉवेल उचलायचा, त्याचे कोपरे शोधायचे, घडी घालायची आणि थप्पी लावायची. पन्नासच्या पन्नास टॉवेल त्यानं बरोबर घडी केले. वेळ लागला एका टॉवेलला सरासरी २५ मिनिटांच्या आसपास. त्याच विद्यापीठाच्या २०२२ सालच्या यंत्रणेचा वेग तासाला ३० ते ४० घड्यांपर्यंत आला होता. म्हणजे प्रगती प्रचंड आहे, पण आमच्या इथल्या पॅकिंग खात्यातल्या बायका हा आकडा ऐकून चहा प्यायला जातील आणि परत येऊनही पुढेच राहतील.

असं का? स्टीलचं ताट कुठे आहे आणि कसं कललंय हे सांगायला सहा आकडे पुरतात, तीन जागेचे आणि तीन कलण्याचे. चुरगळलेल्या टॉवेलला किती आकडे लागतील याला अंतच नाही. प्रत्येक चुणी वेगळी, आतला कोपरा कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि एका जागी धरून उचललं की सगळा आकार बदलतो. मागावर ताणून धरलेला धागा यंत्राला समजतो, सैल पडलेलं कापड समजत नाही. रोबोटतज्ज्ञ हान्स मोराव्हेक यांनी १९८८ साली हेच मोठ्या पटावर मांडलं. मोठ्या माणसांना अवघड जाणारी बुद्धिमत्तेची कामं संगणकाला तुलनेनं सोपी जातात, पण वर्षभराच्या पोराला जे बघणं-धरणं-चालणं सहज येतं ते त्याला महाकठीण. संगणकानं बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला १९९७ साली हरवलं, आणि टॉवेल २०१० सालीही जवळजवळ अर्धा तास खात होता! आपल्या एका तळहातात स्पर्श ओळखणारे सुमारे १७ हजार संवेदक तंतू पोचलेले असतात. ज्वारीची भाकरी थापताना पीठ कुठे पातळ झालं, कडेला चीर जाणार आहे का, हे सगळं त्यांच्याकडून मेंदूला कळत असतं. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नसल्यामुळे हे पीठ गव्हासारखं ताणून घेत नाही, गरम पाण्यानं फुगलेल्या स्टार्चच्या भरवशावर कसंबसं एकत्र राहतं. त्यामुळे पोळीच्या यंत्राचे उपाय इथे सरळ चालत नाहीत. भाकरी थापणारी जादूची काठी कुणी लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही, आणि लिहिणाऱ्यांनी ते टाळलं हे बरंच केलं.

यंत्र म्हणजेच जादू, हे चित्रपटवाल्यांना फार लवकर सुचलं होतं. सेगुंदो दे शोमोन या स्पॅनिश कसबी दिग्दर्शकानं १९०८ साली विजेवर चालणाऱ्या हॉटेलचा एक छोटा मूकपट केला. पाहुणे येतात, त्यांचं सामान आपोआप खोलीत जातं, बुटांना ब्रश फिरतो, बाईंचे केस आपोआप विंचरले जातात. त्या बाई म्हणजे शोमोनची पत्नी, अभिनेत्री ज्युलिएन मातियू. इथे मंत्र नाही, बटणं आहेत. मग तळघरातला दारू प्यालेला माणूस भलतेच खटके ओढतो आणि हॉटेलभर सामान सैरावैरा धावू लागतं. मिकीच्या झाडूच्या आधी बत्तीस वर्षं हीच भीती विजेचं रूप घेऊन आली होती. वीज घरोघर पोचल्यावर मात्र काही वेगळंच झालं. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकी इतिहासकार बाईंनी १९८३ साली दाखवलं की यंत्रं आली तरी तिथल्या गृहिणींचे कामाचे तास फारसे कमी झाले नाहीत. धुणं सोपं झालं तसे कपडे जास्त वेळा बदलले जाऊ लागले, स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या आणि पूर्वी हाताखाली असलेली माणसं घरातून गेली. आपल्याकडे २०१९ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं.

शोमोननं ते सगळं हलवलं कसं? एक चित्र घ्यायचं, कॅमेरा थांबवायचा, ब्रश थोडा सरकवायचा, पुन्हा एक चित्र. सेकंदाला १६ चित्रं धरली तर एका मिनिटाच्या जादूसाठी ९६० वेळा वाकून ब्रश सरकवायचा. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी याच पद्धतीनं कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर वाढताना दाखवला होता. त्यांच्या घरात फिल्मला कडेनं भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची किचकट कामं सरस्वतीबाई फाळके करत, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही. पडद्यावरचं काम आपोआप व्हावं म्हणून पडद्यामागे कुणीतरी तेच काम हजार वेळा करत असतं, हे त्या धंद्यातलं उघड गुपित.

दुसरी युक्ती याहून सोपी आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं जास्त खोल आहे. फिल्म उलटी चालवायची. ल्यूमिएर बंधूंनी १८९६ साली भिंत पाडतानाचं चित्रण करून ते उलटं दाखवलं आणि धुरळ्यातून भिंत उभी राहताना बघून लोक चकित झाले. ‘मेरी पॉपिन्स’ या १९६४ सालच्या चित्रपटात मुलांची खोली चुटकीसरशी आवरली जाते, तिथेही उलट्या चित्रीकरणाचा हात आहे. (त्याच चित्रपटात माणसं आणि चितारलेली दृश्यं एकत्र आणायला सोडियमच्या दिव्यांचा पिवळा प्रकाश वापरला होता. त्या तंत्राला ऑस्कर मिळालं. मिठाचं वरण उतू गेलं की गॅसची ज्योत ज्या पिवळ्या रंगाची होते, तोच हा ५८९ नॅनोमीटरचा प्रकाश.)

उलटी फिल्म जादूसारखी का वाटते? गंमत अशी की एकेका कणाच्या गतीचे नियम उलटे चालवले तरी मोडत नाहीत. मोडते ती संभाव्यता. खोलीत दहा कपडे आहेत. प्रत्येकाची योग्य जागा एक आणि पडायच्या जागा शंभर धरल्या, तर ते विखुरण्याचे प्रकार होतात एकावर वीस शून्यं इतके, आणि आवरलेला प्रकार एकच. धक्के बसत राहिले तर खोली पसाऱ्याकडे जाणार, यात पोरांचा दोष कमी आणि आपोआप पसारा वाढतो असं सांगणाऱ्या उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाचा जास्त. आवरायचं तर कुणीतरी ऊर्जा खर्च करायला हवी.

भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६७ साली या नियमाला एक खोडकर आव्हान दिलं. दोन खोल्यांमधल्या छोट्या दारावर एक चिमुकलं भूत बसवा. वेगवान रेणू एका बाजूला जाऊ द्या, मंद दुसऱ्या. दार उघडायला जवळजवळ काहीच श्रम नाहीत, तरी निवडानिवड होऊन एक खोली गरम, एक गार. ज्वारीतले खडे निवडायला हेच भूत बसवलं तर? उत्तर सापडायला शंभरेक वर्षं लागली. भुताला निवडायचं तर कुठला रेणू कसा आहे ते कळायला हवं, कळलेलं लक्षात ठेवायला हवं, आणि डोकं भरलं की जुनं पुसायला हवं. रॉल्फ लँडाउअर यांनी १९६१ साली दाखवलं की माहितीचा एक बिट, म्हणजे एक हो-नाही, पुसायलाही किमान उष्णता बाहेर टाकावीच लागते. ती इतकी थोडी आहे की खोलीच्या तापमानाला एका ज्यूलमध्ये सुमारे ३५ लाख कोटी कोटी बिट पुसून होतील, पण शून्य नाही. २०१२ साली फ्रान्समधल्या लिआँ इथल्या प्रयोगात ही किमान किंमत मोजली गेली आणि हिशेब जुळला. कळण्याचीही किंमत असते, हे तेव्हा मापून झालं.

मोबाइलमध्ये व्हिडिओ उलटा करायची सोय आता फुकट मिळते, तेव्हा हा पसाऱ्याचा नियम घरीच तपासता येतो. दोरीवर वाऱ्यानं झुलणारा टॉवेल घ्या. सुलटा कुठला, उलटा कुठला, हे बघणाऱ्याला सांगता येणार नाही. वर फेकून झेललेल्या लिंबाचंही तेच. मग पीठ चाळतानाचा घ्या, चहात दूध पडतानाचा घ्या, टॉवेल पिळतानाचा घ्या. पहिल्या थेंबालाच पकडले जाल.